एक हजार पोर्ट आणि बारा झाडू

एका बाईला एक हजार तीन पोर्ट कशाला लागतात, या विषयावर आमच्या इमारतीच्या कमिटीत पाऊण तास चर्चा झाली. ती बाई म्हणजे मी. पोर्ट म्हणजे काय हे चर्चेच्या सुरुवातीला तिथे कुणालाच माहीत नव्हतं, शेवटीही नव्हतं; पण मध्येच कुणीतरी म्हणालं, "एक हजार जरा जास्तच होतात," आणि त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मला खरं तर हवी होती फक्त वीस मिनिटं.

मी जुनी शिलाई मशीनं दुरुस्त करते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं हातमशीन अडलं, दुरुस्तीवाला म्हणाला "टाकून द्या," मला राग आला, आणि त्या रागात मी ते सगळं सुटं केलं. जोडायला अकरा दिवस लागले. जोडून झाल्यावर तीन स्क्रू उरले, तरी मशीन चाललं. ते तीन स्क्रू मी एका डबीत ठेवलेत. कुणी माझं फार कौतुक करायला लागलं की डबी उघडून बघते, पाय जमिनीवर येतात.

तर जुन्या मशीनवाल्यांचं एक मंडळ आहे आणि त्याचं वर्षातून एकदा संमेलन भरतं. यंदा ते ऑनलाइन भरणार होतं. मंडळाच्या संयोजिका ताईंना मी कधीतरी फोनवरूनच त्यांच्या मशीनचा आजार सांगितला होता आणि तो बरा झाला होता. त्यांचं पत्र आलं: रविवारी चार वाजून वीस मिनिटांनी 'टाके सुटणे: निदान आणि उपाय' या विषयावर आपण प्रात्यक्षिक द्याल का?

मी ते पत्र यांना वाचून दाखवलं. हे कामावर गेल्यावर मशीनला वाचून दाखवलं. संध्याकाळी पुन्हा यांना. हे म्हणाले, "अगं, पाठ झालं मला. आता उत्तर पाठव, नाहीतर दुसऱ्या कुणाला बोलावतील."

आनंद तर असा झाला होता, की दोन दिवस मी जिने उतरत नव्हते, उड्या मारत होते. पण आत एक धाकधूक होती. असल्या ठिकाणी हमखास विचारतात, "आपलं शिक्षण कुठे झालं?" हा प्रश्न मला आजवर जिथे जिथे भेटला, तिथे तिथे मी खोकले आहे. यंदा मात्र ठरवलं, की खोकायचं नाही. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं, पण खोकायचं नाही.

दहा दिवस आधी रंगीत तालीम ठेवली होती. मी बाहेरच्या खोलीतलं टेबल खिडकीशी ओढलं, मशीन पुसून लखलखीत केलं, लेकीने नवीन घेतल्यावर मला दिलेला जुना लॅपटॉप तीन जाड पुस्तकांवर ठेवला, नीट केस विंचरले आणि बटण दाबलं. पडद्यावर काळे चौकोन आले, चौकोनांत नावं आली. मी हसून नमस्कार केला. कुणी हसलं नाही. मी पाच मिनिटं बोलले, हूक दाखवला, सुई दाखवली. मग खाली अक्षरं उमटली. संयोजिका ताईंनी लिहिलं होतं: "ताई, आपण आलात का? दिसत नाही, ऐकू येत नाही."

मीही लिहिलं, "मलाही."

लिहिलेलं पोचत होतं, चेहरा आणि आवाज मात्र अडकत होता.

मी दार उघडून हे समोरच्या वहिनींना सांगितलं, ही माझी पहिली चूक. समोरच्या वहिनींना इंटरनेटबद्दल जेवढी मतं आहेत तेवढी इंटरनेट काढणाऱ्यालाही नसतील. त्या ओले हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "कबुतरं."

"कबुतरं काय?"

"गच्चीवर वायर आहे ना, तिच्यावर बसतात. दर बुधवारी बारा ते दोन आपलं नेट ठप्प असतं की नाही? माझी दुपारची मालिका बरोब्बर तेव्हाच अडकते. दोन वर्षं झाली. बुधवारी त्यांचं काहीतरी असतं."

"कबुतरांचं?"

"मी काय त्यांना विचारायला गेलेय?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पडदा काढून बघा. आणि तो प्लग काढून दहा आकडे मोजा."

मी पडदा काढला. प्लग काढून दहा मोजले. वहिनी म्हणाल्या, फार भरभर मोजलेत, म्हणून पुन्हा सावकाश मोजले. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर म्हणाले, मोबाईलवरून करा. आमच्याकडे मोबाईलला रेंज येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, तीही खिडकीकडे तोंड करून एका पायावर उभं राहिलं तर. त्या अवस्थेत मशीन चालवणारी बाई बघायला सर्कशीत लोक येतील, संमेलनात येणार नाहीत.

शेवटी संयोजिका ताईंनीच लिहून कळवलं: "तुमच्या इमारतीच्या फायरवॉलमध्ये पोर्ट बंद असतील. पुढचे क्रमांक उघडून घ्या." खाली क्रमांक होते. तीन सुटे, आणि मग पन्नास हजारांपासून पुढे ओळीने एक हजार.

इथे आमच्या इमारतीच्या फायरवॉलबद्दल सांगायला हवं. बारा बिऱ्हाडांना मिळून इंटरनेटची एकच लाइन आहे, आणि ती आत येते तिथे, तळमजल्यावरच्या मीटररूममध्ये, लोखंडी कपाटात एक डबा बसवलाय. तीच फायरवॉल. बाहेरचं नको ते आत येऊ नये आणि आतलं नको ते बाहेर जाऊ नये, हे तिचं काम. कपाटाला कुलूप आहे. मीटररूमला कुलूप आहे. दोन्ही किल्ल्या सेक्रेटरींच्या कमरेला असतात. सेक्रेटरी एका मोठ्या गोदामाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. गोदामातून चिठ्ठीशिवाय टाचणी बाहेर गेली नाही, असं ते अभिमानाने सांगतात. इमारतीत सगळे त्यांना 'गेटपास काका' म्हणतात. हे त्यांना माहीत आहे आणि ते त्यांना आवडतं.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते दारापाशी चपला ओळीने लावत होते. मी क्रमांकांचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा बदलून तो दोनदा वाचला.

"हे काय आहे?"

"पोर्ट आहेत काका. उघडायचेत."

"एक हजार तीन?"

"हो."

"बाई, हे राहायचं घर आहे. स्टेडियम नव्हे."

"पण मला फक्त वीस मिनिटांसाठी…"

"उघडलेली प्रत्येक वस्तू बंद झाली पाहिजे," काका म्हणाले. "माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत उघडं राहिलेलं एकही दार नाही. अर्ज करा."

अर्ज म्हटल्यावर आमच्या घरात दिवाबत्ती झाल्यासारखा उजेड पडला. हे एका कचेरीच्या आवक-जावक विभागात आहेत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज घेऊन शिक्के मारताना यांच्या मनात स्वतःचा एक अर्ज कुठेतरी साठून राहिला असावा. मी पोळ्या लाटत होते, हे शेजारी उभे राहून मजकूर ऐकवत होते. "'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही…' तुला काय म्हणू? गृहिणी की तंत्रज्ञ?"

मी लाटणं थांबवलं. तंत्रज्ञ! मला आजवर कुणी तंत्रज्ञ म्हटलं नव्हतं.

"तंत्रज्ञ लिही," मी घाईघाईने म्हणाले. एरवी मी यांना अहोजाहो करते. त्या दिवशी 'लिही' कसं निघून गेलं कळलं नाही. हे नुसते गालात हसले आणि त्यांनी तंत्रज्ञ लिहिलं.

अर्ज दोन पानी झाला, सोबत परिशिष्ट. गेटपास काकांनी तो वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा आदर पाहिला. अर्थात तो अर्जाबद्दल होता. मग कमिटी बसली आणि ती पाऊण तासाची चर्चा झाली. शेवटी ठराव झाला तो असा: पोर्ट उघडावेत, पण फक्त रविवारी चार ते पाच, ते वेळेवर आपोआप उघडावेत आणि आपोआप बंद व्हावेत, आणि प्रत्येक पोर्टची नोंद वहीत व्हावी.

ती वही मी पाहिली आहे. रकाने होते: क्रमांक, उघडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, सही. काकांनी पन्नास हजारपासून एकेक क्रमांक लिहायला घेतला होता. दोनशे बाराव्या ओळीला काकूंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, असं कळतं.

सोमवारी वायरवाले आले. फायरवॉल त्यांनीच बसवली होती. गळ्यात वायरीचं भेंडोळं, कानामागे स्क्रूड्रायव्हर, आणि कुठल्याही प्रश्नाला "होऊन जाईल" हे उत्तर. आम्ही मीटररूममध्ये गेलो. मीटर, कपाट, एक स्टूल, आणि कोपऱ्यात उभे केलेले बारा झाडू. अकरांवर दुकानाचं प्लास्टिक तसंच होतं, एक झिजून निम्मा झाला होता. मी विचारणार होते, पण वायरवाल्यांनी तेवढ्यात कपाट उघडलं आणि माझं लक्ष आतल्या हिरव्या दिव्यांकडे गेलं. काय सुंदर लुकलुकत होते! मशीनचं पोट उघडल्यावर होतं तसंच मला झालं. बोटं शिवशिवायला लागली.

"हात लावू नका," गेटपास काका म्हणाले.

"मी हात मागे बांधलेत काका."

"तसेच ठेवा."

वायरवाल्यांनी मला फार छान समजावलं. म्हणाले, "वहिनी, ही एक भिंत समजा. भिंतीला पासष्ट हजार खिडक्या. प्रत्येकीला नंबर. तुमची अक्षरं एका खिडकीतून जातात, ती उघडी आहे. चेहरा आणि आवाज दुसऱ्या खिडक्यांतून जातात, त्या बंद. मी नियम घालतो, रविवारी चारला उघडा, पाचला मिटा. होऊन जाईल."

शुक्रवारी चार ते सव्वाचार अशी चाचणी मंजूर झाली. त्यासाठी वेगळा अर्ज झाला, यांनी तो हसतमुखाने केला. शुक्रवारी चारला मी वरती मशीनसमोर बसले, संयोजिका ताई पलीकडे बसल्या, आणि आम्ही दोघी पंधरा मिनिटं एकमेकींच्या नावाच्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिलो. वायरवाले डोकं खाजवून म्हणाले, आणखी पाच पोर्ट लागत असतील. शनिवारी तिसरा अर्ज गेला. एक हजार आठ झाले. गेटपास काका माझ्याकडे बघेनासे झाले. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने मला विचारलं, "झाले का उघडून?" जणू मला डोळ्यांचा काही विकार आहे.

रविवार उजाडला. सकाळपासून मी दर तासाला कपडे बदलत होते. साडेतीनला वायरवाले आणि काका मीटररूममध्ये जाऊन बसले. उघडताना माणूस हजर पाहिजे, असं काकांचं म्हणणं. वरती मी, हे आणि न बोलावता आलेल्या समोरच्या वहिनी. चार वाजले. काळे चौकोन. चार पाच. काळे चौकोन, पण आता सत्तावीस. सत्तावीस माणसं माझ्या नावाच्या काळ्या चौकोनाकडे बघत असणार!

अक्षरं उमटली: "ताई, तुमच्या आधीचे वक्ते आता आटपत आलेत."

मी लिहिलं, "आले," आणि धावत खाली गेले.

खाली वायरवाले घाम पुसत होते. "नियम बरोबर आहे वहिनी. काय झालंय समजत नाही. एक उपाय आहे. बाहेरून जी लाइन येते, ती फायरवॉलमध्ये न घालता थेट तुमच्या लॅपटॉपला लावतो. फक्त वायर हातभर आहे, तर तुम्हाला इथे बसावं लागेल."

"फायरवॉल सोडून?" गेटपास काका उभे राहिले. "बारा बिऱ्हाडांची लाइन भिंतीबाहेर? मी जिवंत असेपर्यंत नाही."

"काका, दहा मिनिटं राहिलीत हो!"

"दहा मिनिटांतच चोऱ्या होतात."

मी मागे वळून ओरडले, "अहो! मशीन खाली आणा! लॅपटॉपही!" काका हो म्हणोत की न म्हणोत, मशीन तरी खाली असू दे, असा माझा हिशोब. वरून यांचा आणि वहिनींचा मशीन उतरवण्याचा आवाज यायला लागला. अकरा किलोचं ओतीव बीड आहे. प्रत्येक पायरीला वहिनी "सांभाळा" म्हणत होत्या आणि हे "मी सांभाळतोय, तुम्ही सोडू नका" म्हणत होते. दुसऱ्या मजल्यावर खालून ड्रायव्हर काका मदतीला आले आणि "डावीकडे घ्या, अजून डावीकडे, आता सरळ" असं मार्गदर्शन करू लागले. मशीन मीटररूमच्या दारात आलं, तेव्हा गेटपास काकांनी सवयीने हात आडवा केला.

"याचा पास?"

"इमारतीतल्या इमारतीत?" हे धापा टाकत म्हणाले.

"मजला बदलला की पास लागतो."

यांच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर पहिल्यांदाच अर्ज न करण्याची इच्छा पाहिली.

त्या गोंधळात मी स्टुलावर बसले. का कोण जाणे, एकदम शांत झाले. मशीनचा टाका सुटायला लागला की नवखी माणसं सुईकडे बघतात, कारण टाका तिथे सुटताना दिसतो. मी तसं करत नाही. मी दोऱ्याच्या रिळापासून सुरू करते. रीळ, मग कडी, मग ताणाची चकती, मग पुढे. बोट दोऱ्यावरून सरकवत न्यायचं, एकही जागा 'इथे काय असणार' म्हणून सोडायची नाही. नव्वद टक्के वेळा दोष त्या सोडलेल्या जागीच असतो.

"भाऊ," मी वायरवाल्यांना म्हणाले, "तुमच्या पडद्यावर जे दिसतंय ते मला पहिल्यापासून वाचून दाखवा. अगदी वरपासून. काही सोडू नका."

"वरती काही नाही वहिनी. कंपनीचं नाव आहे."

"मग?"

"मग आपल्या इमारतीचं नाव. मग ते, आपलं, तारीख-वार असतं ते. मग नियमांची यादी…"

"थांबा. वार कोणता?"

वायरवाले थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कानामागचा स्क्रूड्रायव्हर हळूच काढून खिशात ठेवला.

"गुरुवार," ते म्हणाले.



"गुरुवार, दुपारचे दोन वाजून चौदा मिनिटं. घड्याळ लावायचंच राहिलं वाटतं, डबा बसवला तेव्हा. कारखान्यातून आला, तेव्हापासून स्वतःच्याच घड्याळावर चालतोय."

आमच्या इमारतीच्या फायरवॉलमध्ये गेली दोन वर्षं आपला वेगळाच आठवडा चालला होता! तिचा रविवार आला की माझे एक हजार तीन पोर्ट चोख उघडले असणार, तासभर सताड उघडे राहिले असणार, आणि शिस्तीत मिटले असणार. मी बोटांवर मोजलं. बुधवारी संध्याकाळी सहा ते सात. मी तेव्हा बटाटे सोलत होते.

"भाऊ, घड्याळ लावा!" मी ओरडले.

"लावतो. पण यादीत अजून एक जुना नियम आहे, तोही मग…" ते अडखळले. "रविवार, सकाळी दहा ते बारा, सगळं इंटरनेट बंद."

समोरच्या वहिनी मशीनचा एक कोपरा धरून दारात उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलायला लागले. "हिचा गुरुवार म्हणजे आपला रविवार. मग हिचा रविवार म्हणजे आपला…" त्यांनी मशीन सोडून दिलं. हे आणि ड्रायव्हर काका एकदम "आई गं" म्हणाले. "बुधवार! दोन तास मागे, म्हणजे बारा ते दोन! काका, माझी मालिका तुम्ही बंद पाडत होतात? आणि मी दोन वर्षं त्या कबुतरांना शिव्या देतेय!"

सगळे गेटपास काकांकडे वळले. काका भिंतीशी उभ्या केलेल्या झाडूंकडे बघत होते.

"मी नोटीस लावली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "रविवारी दहा ते बारा आवाराची सामूहिक स्वच्छता. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. म्हटलं, इंटरनेट बंद केलं तर कंटाळून खाली येतील. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. दर रविवारी दहाला मी खाली असतो. मला वाटायचं, ही माणसं इंटरनेट नसतानाही दोन तास भिंतीकडे बघत बसतात, पण झाडू हातात धरत नाहीत."

बारा झाडू, अकरांवर प्लास्टिक. निम्मा झिजलेला कुणाचा, ते आता विचारायची गरज नव्हती. भांडायच्या पूर्ण तयारीत असलेल्या वहिनींनी उघडलेलं तोंड मिटलं.

चार वाजून एकतीस मिनिटांनी वायरवाल्यांनी घड्याळ लावलं. मशीन स्टुलावर, लॅपटॉप मीटरच्या फळीवर, मी एका उलट्या बादलीवर. आणि काय सांगू! काळे चौकोन एकेक करून उजळले. माणसं! चष्मेवाली, टक्कल पडलेली, मांडीवर नातू घेतलेली, मागे मशीनं, कपाटं, कुंड्या. सगळी एकदम बोलत होती. "आल्या! ताई आल्या!" माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण ते पुसायला वेळ नव्हता, कारण संयोजिका ताई म्हणाल्या, "आपण कुठे बसलात? मागे काय आहे?"

"मीटर आहेत," मी म्हणाले. "सुरू करू?"

वहिनींनी टॉर्च धरला. यांनी दोऱ्याचं रीळ धरलं. मी तयार केलेलं भाषण वरती टेबलावर राहिलं होतं, ते बरंच झालं. मी आत्ता घडलेलंच सांगितलं: टाका सुईपाशी सुटतो, पण शोध रिळापासून घ्या. आमच्या भिंतीचा गुरुवार ऐकून सत्तावीस माणसं पोट धरून हसली. मग छत्रीच्या काडीपासून बनवलेला माझा हूक दाखवला, त्याने शटलच्या मागचा दोऱ्याचा भुगा काढून दाखवला, सुई केसभर खाली घेतली, चाक फिरवलं, आणि कापडावर टाके असे सरळ उमटत गेले, की टॉर्च धरलेल्या वहिनीच "अगं बाई" म्हणाल्या.

मंडळाचे अध्यक्ष म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. आयुष्य मशीनच्या कारखान्यात गेलेलं.  ते पुढे झुकले, त्यांचा चेहरा चौकोनभर झाला. म्हणाले, "ताई, असा हूक मी कारखान्यातही पाहिला नाही. आपण हे शिकलात कुठे?"

आला! नेमका तोच प्रश्न. माझ्या घशात खोकला उभा राहिला. मी तो गिळला, मान ताठ केली, तोंड उघडलं, आणि अध्यक्षांचा चेहरा तसाच गोठला. मग काळा झाला. मग सगळेच.

पाच वाजले होते. नियम पहिल्यांदाच बरोबर दिवशी, बरोबर मिनिटाला पाळला गेला होता.

 मी बादलीवर तशीच, तोंड उघडं. पडद्यावर अक्षरं उमटली: "ताई? अध्यक्ष उत्तराची वाट बघताहेत."

मी गेटपास काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. अर्ज, कमिटी, ठराव, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. हे हळूच म्हणाले, "कागद आहे का कुणाकडे?"

"कागद नको," काका म्हणाले.  "भाऊ, उघडा ते."

वायरवाले गडबडले. "किती वाजेपर्यंत काका? वेळ घालावी लागेल."

"घालू नका. बाईंचं बोलून होईपर्यंत."

चेहरे परत आले. अध्यक्ष अजूनही तसेच पुढे झुकलेले होते. मी म्हणाले, "घरी शिकले. मशीन अडलं, राग आला, म्हणून उघडून बसले. कुणी शिकवलं नाही. पहिल्यांदा जोडलं तेव्हा तीन स्क्रू उरले होते."

अध्यक्ष मोठ्यांदा हसले. "माझे चार उरले होते," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तासभर घ्या. वीस मिनिटांत काय होतंय!"

सहा वाजेपर्यंत प्रश्न चालले. मग मी लॅपटॉप मिटला. काकांनी वही उघडून लिहिलं: 'पोर्ट एक हजार आठ. उघडले: चार एकतीस. पुन्हा: पाच दोन.' पुढच्या, 'बंद केल्याची वेळ' या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं, थोडं थांबले आणि लिहिलं: 'काम झाल्यावर.' खाली सही केली. यांनी ती नोंद वाचली आणि मला म्हणाले, "असा शेरा मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही."

पुढच्या रविवारी सकाळी बरोबर दहाला सगळ्या इमारतीचं इंटरनेट बंद झालं. घड्याळ आता बरोबर होतं आणि तो जुना नियम काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं; किंवा काकांच्या राहिलं असेलही. पाच मिनिटांत दारं उघडली, जिन्यात आरडाओरडा झाला, बाराच्या बारा बिऱ्हाडांतली माणसं जाब विचारायला खाली उतरली.

गेटपास काका आवारात उभे होते, हातात तो निम्मा झिजलेला झाडू. बाकीचे अकरा भिंतीशी ओळीने, प्लास्टिक काढून. एवढी माणसं एकदम खाली आलेली पाहून ते झाडू छातीशी धरून दोन पावलं मागे सरकले. 

माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. मी पुढे झाले आणि एक झाडू उचलला. माझ्या मागून यांनी उचलला, मग ड्रायव्हर काकांनी. समोरच्या वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग त्यांनीही एक ओढला आणि माझ्या शेजारी येऊन पानं गोळा करता करता पुटपुटल्या, "तुमच्या त्या टाक्यांचं कौतुक आहे हो. पण खरं सांगू? बुधवार बरा होता."